उपाशी तळं

मासे आजारी नव्हते, उपाशी होते. हे कळलं त्या दिवशी फिटर दुपारी जेवून आडवा झाला आणि दिवे लागेपर्यंत झोपला. दोन वर्षांत असं पहिल्यांदाच घडलं. आक्का मधे दोनदा खोलीच्या दाराशी आली आणि श्वास चालू आहे ना, एवढं बघून परत गेली.

आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. फिटरनं लग्न केलं नाही. चौतीस वर्षं कापडगिरणीत वाफेच्या नळांशी संसार केला. कुठला सांधा गळतोय ते तो नुसत्या आवाजावरून सांगायचा. निवृत्त झाल्यावर आक्काच्या घरी मागच्या खोलीत येऊन राहिला. खोलीच्या पलीकडे घरचीच एक बंद वीटभट्टी होती आणि भट्टीसाठी वर्षानुवर्षं माती काढून पडलेला खड्डा, एकराला थोडा कमी. खड्ड्याला खालून झरा लागला, पाणी साचलं आणि आक्काच्या नवऱ्यानं, म्हणजे दाजींनी, त्यात मासे सोडले. दोन जातींचे. एक दांडगा, दातांचा, शिकार करून जगणारा. दुसरी चिंगळी, बोटाएवढी, दांडग्याच्या पोटासाठीच आणलेली. दाजी गेले, तेव्हा आक्का भावाला म्हणाली, "तळ्याकडे आता तूच बघ."

निवृत्तीनंतर फिटरच्या ताब्यात आलेली ही एकच गोष्ट. तळं गेलं तर त्याच्याकडे खोली आणि खाट एवढंच उरणार होतं. त्यानं ते बॉयलर सांभाळावा तसं सांभाळलं. सकाळी सहाला बांधावरून चक्कर. मग सांडव्याची जाळी साफ करायची, पाण्याची उंची खुणेच्या दगडाशी ताडून बघायची, शेवाळ दाताळ्यानं ओढून काढायचं. ओलं शेवाळ एका पाटीत वीस किलो भरतं. अशा सहा-सात पाट्या तो दर आठवड्याला बांधावर आणून ओतायचा. कामात खोट नव्हती. तरी मासे वाळत गेले. डोकं तेवढंच राहिलं, अंग पट्टीसारखं चपटं झालं. त्यानं चुना टाकला, औषध टाकलं, पाणी तपासून आणलं. पाण्यात दोष निघाला नाही. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

आक्काचा मुलगा, म्हणजे फिटरचा भाचा, ट्रक चालवायचा. त्याचे स्वतःचे दोन ट्रक होते आणि दोन्ही रस्त्यावर उभे असायचे. तो म्हणायचा, "मामा, तुमचे मासे बघितले की मलाच अशक्तपणा येतो." माणूस वाईट नव्हता, पण त्याला जागा हवी होती. भट्टीची चिमणी मोडकळीला आली होती आणि वर्षभरानं पाडायची ठरली होती. तिचा राडारोडा खड्ड्यात ढकलला की खड्डा बुजतो आणि ट्रक उभे करायला जागा होते, असा त्याचा साधा हिशोब.

आक्कानं होही म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी तळ्यावरच उघडायची. एक दिवस ती भांडी विसळता विसळता म्हणाली, "रोज उठून हे हाडकुळे जीव बघायचे, माझ्यानं होत नाही. चिमणी पडेपर्यंत बरे झाले तर तळं राहू दे. नाहीतर बुजवा आणि मोकळे व्हा."

म्हणजे हातात एक वर्ष. तेव्हा फिटरनं बीजवालीला बोलावलं.

बीजवाली गावाबाहेर सिमेंटच्या टाक्यांमध्ये माशांची पिल्लं वाढवायची आणि ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून छोट्या टेम्पोनं घरोघर पोचवायची. चाळिशीची बाई, बाह्या कायम कोपरापर्यंत ओल्या, आवाज पंपाच्या वर. तिनं येताच ओढजाळं काढलं. एक टोक तिनं धरलं, दुसरं फिटरनं, आणि उथळ काठानं कमरेएवढ्या पाण्यातून चाळीस पावलं जाळं ओढलं. एकतीस मासे निघाले. सगळे दांडगे, सगळे एकाच मापाचे, सव्वा वितीचे. चिंगळी औषधाला नाही.

तिनं तिथंच चाकूनं एकाचं पोट उघडलं. रिकामं. दुसऱ्याच्या पोटात पाणकिड्याचं कवच. तिसऱ्याच्या पोटात एक शेपटी, त्याच्याच जातीची.

"काका, आजारबिजार काही नाही. भूक आहे."

"भूक कशी? मी रोज त्या पायरीवरून अंड्याचं, मांसाचं उरलंसुरलं टाकतो."

"एका ताटावर तीनशे जण बसवलेत तुम्ही. कुणाच्या दाताला लागणार?" तिचं लक्ष काठावरच्या फळीकडे गेलं. फळीवर रंगानं लिहिलं होतं, 'दीड वितीच्या आतला मासा परत सोडावा.' "ही पाटी कुणाची?"

"दाजींची."

"पाळता?"

"एकदाही मोडली नाही," फिटर ताठ मानेनं म्हणाला.

"मग तिथंच बारा वाजले." ती पाय पुसत बांधावर बसली. "मोठा मासा लहानाला खातो, गर्दी आटोक्यात ठेवतो. तुम्ही मोठे काढून खाल्लेत आणि लहान राखलेत. लहान वाढले, त्यांनी चिंगळी संपवली. आता सगळे सारखे आणि सगळे उपाशी. कुणी कुणाला गिळू शकत नाही, कुणी वाढू शकत नाही. निम्मे काढा. दीडशे तरी. हेच, सव्वा वितीचे. मग चिंगळी सोडू. आधी पानं कमी, मग वाढप. उलटं केलंत तर माझ्याकडे येऊ नका."

दुसऱ्या कुणाला हे ऐकून अपराधी वाटलं असतं. फिटरला हायसं वाटलं. गळती सापडली की फिटरचं अर्धं काम होतं. न सापडणारी गळती माणसाला खाते. म्हणून त्या दुपारी तो झोपला.

पण दुसऱ्या दिवशी गळ टाकून बसला, आणि पंचाईत झाली. मासा लागायचा. फिटर विती-बोटांनी मोजायचा. सव्वा वीत. गळ अलगद सोडवायचा, आणि हात आपोआप पाण्याकडे जायचा. मासा परत तळ्यात. दहा वर्षं दाजींबरोबर आणि दोन वर्षं एकट्यानं त्या हातानं हेच केलेलं. आठ दिवसांत त्यानं साठ मासे धरले आणि साठच्या साठ सोडले. गिरणीत कुणी असं काम केलं असतं तर त्यानं त्याला गेटबाहेर काढलं असतं.

बीजवालीचा फोन आला. "काढले का?"

"काढतोय," फिटर म्हणाला. खोटं नव्हतं. काढतच होता. पुढचं तिनं विचारलं नाही.

तिनं दोन हजार चिंगळ्या आणून दिल्या. तिला पुढं दुसरीकडे जायचं होतं. "पिशव्या तासभर पाण्यावर तरंगत ठेवा. मग थोडं थोडं तळ्याचं पाणी आत घ्या. मग सोडा," असं सांगून टेम्पो गेला. फिटरनं घड्याळ लावून एक तास मोजला. दर पाच मिनिटांनी एक तांब्या पाणी आत घेतलं. यात मिनिटाची चूक केली नाही. पिशव्या त्यानं बांधल्या होत्या पायरीशी, रोज उभा राहायचा तिथंच. पाय घट्ट रोवता येतील अशी तेवढी एकच जागा होती.

त्या पायरीवर त्याची चप्पल वाजली की दोन वर्षं काहीतरी खायला पडायचं. हे फिटर विसरला होता. मासे विसरले नव्हते.

त्यानं पिशव्या उलट्या केल्या. क्षणभर पाण्यात चांदीचा चुरा पसरल्यासारखं दिसलं. मग खालून पाणी उसळलं. तीनशे दांडगे सगळीकडून पायरीशी आले. शेपट्या आपटत होत्या, चिंगळ्या पाण्याबाहेर उड्या मारत होत्या आणि उघड्या तोंडांत पडत होत्या. फिटर हात हलवून "अरे, हट! हट!" असं ओरडत होता, जणू अंगणात गुरं शिरली होती.

खिडकीतून आक्का ओरडली, "अरे, पाणी उकळतंय का तिथं?"

अर्ध्या तासात तळं शांत झालं. पायरीशी खवले तरंगत राहिले.

त्या रात्री जेवताना फिटरनं बहिणीला सगळं सांगितलं. साठ मासे सोडल्याचंही. खाली मान घालून म्हणाला, "दाजींची पाटी आहे आक्का. माझ्या हातून मोडवत नाही."

आक्का हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईतो हसली. भाचा जेवता जेवता थांबला.

"अरे वेड्या, ती पाटी कशासाठी होती माहीत आहे? तुझ्या दाजींना लहान मासा साफ करायचा कंटाळा! काटे फार, मांस कमी. मी म्हणायची, धरलात तर तुम्हीच साफ करा. मग एक दिवस रंगाचा डबा घेऊन बसले आणि ती फळी लिहिली. आल्यागेल्याला सांगायचे, नियम आहे हो तळ्याचा! आणि तू बारा वर्षं ती कायदा म्हणून पाळतोयस?"

"मला वाटलं, माशांच्या भल्यासाठी असेल."

"भलं! त्या माणसानं जन्मात एक कांदा चिरला नाही."

भाचा म्हणाला, "मामा, बाबांचा आळस तुम्ही एवढी मेहनत घेऊन सांभाळलात." त्याला टोमणा मारायचा होता, पण फिटरही हसला. छातीवरचा दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं झालं. सकाळी सहाला त्यानं फळी उपटली आणि सरपणात टाकली.

मग कामाला लागला. बीजवालीला फोन करून खरं ते सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही दोन हजार पाहुणे बोलावले, आणि जेवायला तेच वाढले." आणखी चार शब्द ऐकवले. ते ऐकून घेण्यालायकच होते. मग ती पुन्हा जाळं घेऊन आली.

तीन आठवड्यांत गळानं आणि जाळ्यानं मिळून एकशे अडुसष्ट दांडगे काढले. फिटर रोज बादलीभर मासे घेऊन आळीत वाटायला निघायचा. पहिल्या आठवड्यात लोकांनी कौतुक केलं. दुसऱ्या आठवड्यात "आजच नको हो" सुरू झालं. तिसऱ्या आठवड्यात बादली दिसली की दारं लागायला लागली. आक्कानं सगळे स्वतः साफ करायला नकार दिला, तेव्हा फिटरच पाटावर बसून साफ करू लागला. काटे खरंच फार होते. दाजींचं त्याला पटलं.

चिंगळी पुन्हा सोडायची, तर तिला दांडग्यापासून आडोसा हवा. बीजवाली म्हणाली, "उथळ कोपऱ्यात झुडपाच्या फांद्या टाका. लपतील." फिटरला ते कच्चं काम वाटलं. तो दोन दिवस त्या कोपऱ्याकडे बघत बसला. मग त्याला नळातली गाळणी आठवली. गाळणी वाफ जाऊ देते, कचरा अडवते. इथं उलटं करायचं. मोठी चिंगळी आत अडवायची आणि तिची पिल्लं बाहेर जाऊ द्यायची. आतली आई सुरक्षित, बाहेरच्या दांडग्याला रोजचा घास. चिंगळी संपणार नाही, दांडगा उपाशी राहणार नाही.

"आणि दांडग्याची पिल्लं आत घुसली तर?" बीजवालीनं विचारलं.

"आत खोलगट जागा ठेवतो. महिन्याला एकदा हातजाळ्यानं उपसून काढायची."

ती म्हणाली, "करून बघा."

कोपऱ्याला जाळीचं कुंपण घालायला त्यानं जुने दोन इंची नळ आणले, चौदा. प्रत्येक नळ हातभर खोल चिखलात ठोकला. पाण्यात उभं राहून घण मारायचा म्हणजे निम्मा जोर पाणी खातं. एका नळाला सत्तर-ऐंशी घाव लागले. दिवसाला तीनच नळ झाले, तेवढेच होणार होते. मग बारीक जाळी ताणून बांधली, खालची कड दगडांखाली दाबली, वरची कड पाण्याच्या वर हातभर ठेवली. भाच्यानं एका रविवारी येऊन, बीजवालीच्या देखत, दगड वाहिले. चाळीस दगड झाल्यावर तो पाठ धरून बसला आणि म्हणाला, "मामा, बुजवणं सोपं होतं."

"बुजवणं सोपंच असतं," फिटर म्हणाला आणि एक्केचाळिसावा दगड उचलला.

आत फांद्यांचे भारे बुडवले. बीजवालीनं यावेळी आठशेच चिंगळ्या आणल्या, पण चार बोटं लांब, अंडी घालायच्या बेतातल्या. पायरीपासून दूर, जाळीच्या आत, सावकाश सोडल्या. त्या फांद्यांत शिरल्या आणि दिसेनाशा झाल्या.

"आता हात लावायचा नाही," बीजवाली म्हणाली. "जाळं फिरवायचं नाही, फांद्या उचलून बघायच्या नाहीत, शेवाळ ओढायचं नाही. अंडी फांद्यांना चिकटलेली असतात. महिनाभर काही करायचं नाही."

फिटरच्या आयुष्यातलं हे सगळ्यांत कष्टाचं काम. नळ ठोकायला सांगितलं असतं तर त्यानं आणखी चौदा ठोकले असते. हातावर हात धरून बसायचं त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तो बांधावर स्टूल टाकून बसायचा. पाणी हिरवं, आतलं काही दिसत नाही. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. बावीस दिवस एकही चिंगळी दिसली नाही. आक्का खिडकीतून विचारायची, "काही दिसलं?" तो मान हलवायचा. चौथ्या आठवड्यात तिनं विचारणं सोडलं. मेल्या असतील, हे दोघांच्याही मनात होतं आणि कुणीच बोलून दाखवत नव्हतं.

पंचविसाव्या दिवशी सकाळी आभाळ कोरडं ठणठणीत होतं, आणि कोपऱ्यातल्या पाण्यावर मात्र रिमझिम पडावी तसे ठिपके उठत होते. फिटर स्टुलावरून उठून पाण्यात उतरला, चपलांसकट. नाक पाण्याला लागेपर्यंत वाकला. जिऱ्याएवढी पिल्लं. ढगच्या ढग. जाळीच्या भोकांतून आत-बाहेर करत होती. जाळीच्या बाहेर, सावलीत, दांडगे रांग लावल्यासारखे उभे होते.

"आक्का!" त्यानं हाक मारली. पुन्हा मारली. आक्का साबणाच्या हातांनीच धावत आली, काठावर बसली आणि बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "पुसायला तरी काही आण, पार गळ्यापर्यंत भिजलायस."

तिथून पुढं धाकधूक उरली नाही असं नाही, पण रोज सकाळी ठिपके दिसायचे आणि जीव भांड्यात पडायचा. महिन्याला एकदा तो आतला कोपरा उपसायचा, चुकून शिरलेले दांडगे काढायचा. दर पंधरवड्याला बाहेरचे दहा लहान दांडगे पकडायचा. ते पाण्याकडे परत गेले नाहीत. दांडग्यांची पोटं भरू लागली. भाचाही कधी कधी काम संपवून बांधावर येऊन उभा राहायचा. कशाला आला ते सांगायचा नाही.

चिमणी पाडायला माणसं यायची होती त्याच्या आदल्या दिवशी आक्कानं बीजवालीला बोलावलं. "मला कुणाच्या तोंडचं नको. वजन करून दाखवा."

जाळं तेच, चाळीस पावलंही तीच. फिटरनं टोकाचा दोर मनगटाला दोन वेढे देऊन धरला. यावेळी जाळं जड लागलं. काठाशी आलं तेव्हा आत सगळ्या मापांचे मासे होते. सव्वा वितीचे थोडे, दीड वितीचे पुष्कळ, दोन वितीचे नऊ. बीजवालीनं एकेक काट्याला लावला. गेल्या वर्षी सव्वा वितीचा मासा शंभर ग्रॅमही भरत नव्हता. आता त्याच लांबीचा दीडशेच्या वर गेला. दोन वितीचा एक सव्वा किलोला पाच ग्रॅम कमी भरला. त्याची पाठ मनगटाएवढी जाड, पोट गोल.

"हे घ्या, आक्का," बीजवाली म्हणाली. "आता डॉक्टर नको, स्वयंपाकी बघा."

आक्कानं तो मासा दोन्ही हातांत घेतला, वर-खाली करून पाहिला, आणि लेकाकडे वळली. "खड्ड्यात काही टाकायचं नाही."

"मग एवढा राडारोडा टाकू कुठं?" भाचा म्हणाला, पण वाद घालायच्या सुरात नाही.

"तुझ्या ट्रकला चाकं आहेत ना? ने की वाहून. आणि चिमणी गेल्यावर तिथं जागा होईलच. तिथं उभे कर तुझे ट्रक."

भाच्यानं चिमणीच्या बुंध्याकडे पाहिलं. मान डोलावली. "हे आधी सुचलं असतं, तर माझे चाळीस दगड वाचले असते."

"एकोणचाळीस," बीजवाली म्हणाली. "एक तुमच्या पायावर पडला होता."

सगळे हसले. मासे परत पाण्यात सोडायचं काम सुरू झालं, लहानांची बादली वेगळी. फिटर मात्र होता तिथंच उभा होता, गुडघाभर पाण्यात, दोर मनगटाला गुंडाळलेला, मूठ आवळलेली.

"काका, सोडा आता जाळं," बीजवाली म्हणाली. "झालं काम."

फिटरनं मुठीकडे पाहिलं. बोटं उघडेनात. आक्कानं मासा पाण्यात सोडला, भावाजवळ आली आणि एकेक करून त्याची बोटं सरळ केली. तळहातावर दोराचा लाल वळ उमटला होता. तो हात झटकत काठावर आला, ओल्या मातीत फतकल मारून बसला, आणि चहा येईपर्यंत उठला नाही.